दहा लाख वापरलेली तिकिटं

थर्झा मॅचिन गेल्या फेब्रुवारीत वारली. आमच्या टन्स्टलच्या वर्तमानपत्राने तिच्यासाठी चार ओळी खर्च केल्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या छापल्या. 'पोस्टाची तिकिटं जमवण्याचा छंद असलेल्या वृद्धा' असं लिहिलंय. छंद म्हणे! थर्झाला आयुष्यात एकही छंद नव्हता. छंदाला वेळ लागतो. ती नवव्या वर्षी भांड्यांच्या कारखान्यात शिरली ती एकसष्टाव्या वर्षी बाहेर पडली. मी जेबेझ शॉ. या गावात एकतीस वर्षं पत्रं वाटली, आणि त्यातली दहा वर्षं तिच्या घरी वापरलेली तिकिटं पोचवली. तेव्हा खरं काय ते मीच सांगितलेलं बरं. त्यात मी काही शोभून दिसणार नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

थर्झाचं काम ताटल्यांवर नक्षी उतरवण्याचं. पातळ कागदावर निळी नक्षी छापून यायची; तो कागद कोऱ्या ताटलीवर बसवायचा, ताठ कुंचल्याने दाबून दाबून घासायचा, मग ताटली पाण्यात बुडवून कागद अलगद सोडवायचा. नक्षी ताटलीवर राहते, कागद निघून येतो. हाताला घाई झाली की नक्षी फाटते आणि मुकादम तोंड सोडतो. थर्झाच्या हातून कधी फाटली नाही. लग्न केलं नाही. बहीण डॉर्कस तापाने गेली आणि तिची मुलगी सेलिना थर्झाकडे आली. बाप अमेरिकेत भट्ट्या लावायला गेला होता. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली, ती मीच दिली. पुढे माझ्या पिशवीतून त्या घरासाठी काही निघालं नाही.

सेलिना चार वर्षांची असताना तिला गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. थर्झा दिवसभर कारखान्यात. पोर घरात एकटी, टेबलाच्या पायाला कमरेच्या पट्ट्याने बांधलेली, म्हणजे चुलीकडे जाणार नाही. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. दुसरं करणार काय? पण थर्झाला ते रोज सकाळी पट्टा बांधताना टोचायचं. एकदा मला म्हणाली, "कुत्र्यालासुद्धा मी असं बांधलं नसतं रे." आंधळ्या मुलांची शाळा असते, तिथे बोटांनी वाचायला शिकवतात, पेटी वाजवायला शिकवतात, हे तिने ऐकलं होतं. सेलिनाला त्या शाळेत घालायचं, हे एकच तिच्या डोक्यात होतं.

आमच्या चॅपलचे पाद्री एकदा तिला म्हणाले, त्या शाळेच्या खर्चासाठी गरिबांचं जे मंडळ आहे त्याच्याकडे अर्ज कर. थर्झा उठून उभीच राहिली. ते मंडळ म्हणजे गरीबखाना चालवणारे लोक. तिची आजी त्या गरीबखान्यात मेली होती, अंगावर त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा घालून. थर्झा म्हणाली, "मी मागायला जाणार नाही. ज्यांनी मागितलं त्यांचं काय झालं ते मी बघितलंय." पाद्री गरीब माणूस, चहा पिऊन गेला. भीड भिकेची बहीण म्हणतात. पण आमच्या गल्लीत भिकेइतकी भीती मरणाचीही नव्हती, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

आणि अशात ब्लूरबाईंनी तो शोध लावला. ब्लूरबाई वाणसामानाच्या दुकानाच्या मालकीणबाई. चॅपलातल्या बायकांचा वर्ग त्याच घ्यायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १८७२च्या वसंतात त्यांनी भर वर्गात सांगितलं: वापरलेली तिकिटं दहा लाख जमवून दिली की आंधळ्या मुलांची शाळा एक मूल कायमचं ठेवून घेते. त्यांच्या नणंदेने दक्षिणेत एका सरदारीण बाईंकडून ऐकलं होतं.

"पण शाळा त्या तिकिटांचं करते काय?" थर्झाने विचारलं.

"चीनला पाठवतात," ब्लूरबाई म्हणाल्या. दुसरी कुणी म्हणाली, उकळून रंग काढतात. तिसरी म्हणाली, लंडनमध्ये मोठ्या लोकांच्या भिंतींना चिकटवतात. तीन बायका, तीन उत्तरं, आणि तिघींचा एकमेकींवर पूर्ण विश्वास! पण खरंच कुठे द्यायची, कुणाकडून घेतलेलं आहे हे वचन, हे एकीनेही विचारलं नाही. आता तुम्ही हसाल. हसा. पण तेव्हा अर्धा देश यावर विश्वास ठेवून होता, शिकलेसवरलेलेसुद्धा. आणि थर्झाने विश्वास का ठेवला हे मला चांगलं कळतं. यात मागायचं नव्हतं. यात कमवायचं होतं. दहा लाख म्हणजे दहा लाख. कष्ट किती ते ठरलेलं, आणि कष्टाला ती कधी भ्यायली नव्हती.

गाव कामाला लागलं. कारखान्याच्या कचेरीतला कारकून पाकिटांचे कोपरे कापून ठेवी. शाळामास्तर, वकील, दारूच्या गुत्त्याचा मालक, सगळे देऊ लागले. चॅपलच्या दारात डबा लागला. वापरलेलं तिकीट देण्याइतकं स्वस्त पुण्य जगात नाही. टन्स्टलने ते पोटभर करून घेतलं. टिंगल करणारेही होतेच. तिकिटावर राणीचं डोकं छापलेलं असायचं, म्हणून समोरचा भट्टीवाला ओरडायचा, "काय थर्झा, आज राणीसाहेबांची किती डोकी धुतलीस?" ती उत्तर द्यायची, "तुझं सोडून सगळी. तुझं धुवायला पाणी पुरायचं नाही."

दर शनिवारी दुपारी माझी फेरी संपली की मी माझी पिशवी घेऊन तिच्याकडे जायचो. ती परातीत कोमट पाणी घेऊन बसलेली असायची. तिकिटं पाण्यात, मग दोन बोटांनी अलगद कागद वेगळा. ताटलीवरून नक्षी सोडवणारे हात ते! वाळली की सेलिना त्यांना दोऱ्यात ओवायची. शंभर तिकिटांची एक माळ. सुई ओवताना ती दोरा जिभेनेच नेढ्यात घालायची, आणि मोजताना तिचे ओठ हलायचेसुद्धा नाहीत. आता तिला टेबलाला बांधायची गरज उरली नव्हती. ती स्वतःच टेबल सोडायची नाही. आठवड्याला दोन हजार तिकिटं, कधी कमी, कधी जास्त. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसं ते चुलीशेजारच्या पिठाच्या पोत्यांत साचत होतं.

"जेबेझकाका, यातलं एक फार जुनं आहे," ती म्हणायची. "याला कडेने भोकं नाहीत. कात्रीने कापलंय." मी बघायचो तर खरंच, भोकं पाडायला लागायच्या आधीच्या काळातलं, कुठल्या तरी म्हातारीच्या पेटीतून आलेलं.

"आणि काका, हे तुम्ही आत्ता टाकलंत ते फाटकं आहे."

"अगं जरासं फाटलंय. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणायची, आणि थर्झा हसायची. ती पोर सात वर्षांची होती तेव्हा.

थर्झाचं खरं वैर होतं पोस्टकार्डाशी. अर्ध्या पेनीचं कार्ड नुकतंच निघालं होतं आणि लोक त्याच्यावर तुटून पडले होते. कार्डावर तिकीट छापलेलंच, चिकटवायचं काही नाही. ते कापून घेतलं तर दहा लाखांत धरायचं की नाही, यावर चॅपलात दोन तट पडले. थर्झा ब्लूरबाईंच्या दुकानात गेली, मीही मागोमाग.

"कापलेलं चालत नाही," ब्लूरबाई म्हणाल्या. "चिकटवलेलंच हवं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? नियमच आहे तसा."

"मग ब्लूरबाई, तुम्ही आठवड्याला बारा कार्डं लिहिता ती बंद करा. पत्रं लिहा. तुमच्या गप्पा काय कार्डावर मावतात?"

मी हसलो, ब्लूरबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळ्या जगात तेव्हा त्या कार्डाचं कौतुक चाललेलं. आमच्या गल्लीत एक बाई मात्र त्याला शिव्या घालत होती. मी दारात कार्ड घेऊन उभा दिसलो की म्हणायची, "आणलंस का ते भिकारडं?"

आता माझं सांगतो. १८७४च्या नाताळात आमच्या पत्रं निवडायच्या खोलीत भिंतीवर एक कागद लागला. दहा लाख तिकिटांची गोष्ट खोटी आहे, अशी तिकिटं कोणतीही संस्था घेत नाही, लोकांनी विचारल्यास तसं सांगावं. मी तो कागद दोनदा वाचला. लोकांनी विचारल्यास. थर्झाने मला कधी विचारलं नाही, आणि मी त्या दोन शब्दांआड लपलो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तसं मी दर शनिवारी तिच्या दारात गेलो आणि मूग गिळून बसलो.

का? मी बिनलग्नाचा, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस. शनिवारी थर्झा ओटच्या पिठाची धिरडी करायची, आत चीज घालून, गरम गरम. मी धिरडी खायचो, सेलिना मोजायची, थर्झा कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करायची. मला थर्झा आवडत होती. तिकिटं संपली की माझे शनिवार संपले, एवढं मला कळत होतं. मनाला मी वेगळंच सांगायचो: तिची आशा कशाला मोडा? कुणाचं काय बिघडतंय? शाळा तर तशीही मिळायची नाहीच. हे शेवटचं वाक्य मला फार सोयीचं होतं.

वर्षं गेली. लाल एक पेनीचं तिकीट गेलं आणि ८१ साली जांभळं आलं. ते पाण्यात टाकलं की रंगच सोडायचं. पहिल्या दिवशी परातीतलं पाणी जांभळं झालेलं बघून थर्झा घाबरली. इतकी वर्षं मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "जेबेझ, फिकट पडलेली घेतील का रे ते?" मी म्हणालो, "घेतील." एवढं खोटं मी इतक्या सहज बोललो की मलाच आश्चर्य वाटलं. त्यानंतर जांभळी तिकिटं ती ओल्या फडक्यावर ठेवून वाफेवर सोडवायला शिकली. कामाला दुप्पट वेळ लागू लागला, पण एक सोडलं नाही.

१८८२च्या जुलैत सेलिनाने शेवटची माळ बांधली. दहा हजार माळा, चार पोती. ऑगस्टात भट्ट्या थंड होतात आणि सगळं गाव जत्रेच्या सुटीवर जातं. त्या आठवड्यात आम्ही तिघं पोती घेऊन आगगाडीने निघालो. शाळा कोणत्या शहरातली ते सांगत नाही. तिचा काही दोष नव्हता. थर्झाने आधी पत्रबित्र पाठवलं नव्हतं. जे कमावलंय ते घेऊन जायला परवानगी कशाला? सेलिनाला नवा झगा शिवला होता. ती सोळा वर्षांची होती, मावशीपेक्षा उंच.

डब्यात मी तोंड उघडलं. "थर्झा, समजा ते नाही म्हणाले तर?"

"का म्हणतील? दहा लाख आहेत. एक कमी नाही. हवं तर मोजून घेऊ दे."

"दोनदा मोजलीत मी," सेलिना म्हणाली. मी वाकून एका पोत्याची गाठ घट्ट केली.

शाळेच्या मुख्य बाई मिस पार्जेटर म्हणून होत्या. पांढऱ्या केसांच्या, साध्या. त्यांनी आम्हाला बसवलं आणि पोत्यांकडे बघितलं. थर्झाने एक पोतं सोडून माळा त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, न अडखळता, कारखान्यात मुकादमाला माल दाखवावा तसं. बाईंनी एक माळ हातात घेतली.

"मॅचिनबाई," त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं मला माहीत नाही. वर्षाकाठी दोघं-तिघं तरी येतात अशी तिकिटं घेऊन. आम्ही असं कधीच म्हटलेलं नाही. याचं आम्ही काहीही करू शकत नाही."

"दहा लाख आहेत," थर्झा म्हणाली.

"असतील. माझा तुमच्यावर विश्वास आहे. मुलीचं वय काय?"

"सोळा."

"आम्ही सहा ते बारा वयाची मुलं घेतो. हिची नजर कधी गेली?"

"चौथ्या वर्षी."

मिस पार्जेटर यांनी माळ खाली ठेवली. "मग तुम्ही तेव्हाच का नाही लिहिलंत? लहान असती तर आम्ही नुसत्या एका पत्रावर घेतली असती. पैसे लागत नाहीत. त्या वर्षांत तर आमच्याकडे खाटा रिकाम्या होत्या."

"पत्र कुणाचं?" थर्झाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कुणाचंही. पाद्रींचं, मास्तरांचं. तुमच्या या पोस्टमनचंसुद्धा चाललं असतं."

एक पत्र. त्यावर एक पेनीचं नवं कोरं तिकीट. मी रोज पाचशे पत्रं वाटत होतो.

पोती आम्ही परत आणली. मिस पार्जेटर ठेवून घेते म्हणाल्या, पण थर्झाने दिली नाहीत. येताना डब्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. स्टेशनं येत होती, जात होती. सेलिना माझ्या समोर बसली होती. तिने माझ्या दिशेने तोंड केलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या पोरीसमोर दहा वर्षांत माझं एक फाटकं तिकीट खपलं नव्हतं. "ते तिकिटं घेत नाहीत हे माहीत होतं," मी म्हणालो. "पत्राचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"कधीपासून?"

"चौऱ्याहत्तरच्या नाताळापासून."

सेलिनाला हिशेबाला वेळ लागला नाही. "म्हणजे मी आठ वर्षांची होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मी आज बरा झोपलो असतो. थर्झा खिडकीबाहेर बघत होती. टन्स्टल येईपर्यंत ती माझ्याकडे वळली नाही, आणि उतरल्यावर पोती तिने आणि सेलिनानेच उचलली.

पुढच्या शनिवारी मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही, पाय गेले. दार उघडं होतं. परात नव्हती. पोती कुठे गेली ते मी विचारलं नाही. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, भट्टीत. थर्झा मला बस म्हणाली नाही. तिने टेबलावर कागद, दौत आणि टाक मांडून ठेवला होता, शेजारी एक कोरं जांभळं तिकीट. सेलिना पलीकडे बसली होती.

त्या हिवाळ्यात आम्ही सतरा पत्रं लिहिली. मोठ्या वयाच्या आंधळ्यांना काम शिकवणाऱ्या जागा, कारखानदार, बायकांची मंडळं, ज्याचं ज्याचं नाव कुणी सांगितलं त्याला. सोळा ठिकाणांहून नकार आला. सतराव्या जागेने सेलिनाला वेताच्या खुर्च्या विणायला शिकवलं, आणि तेवढ्यावर ती आजवर कुणाचं देणं न लागता जगते आहे. वाचायला मात्र तिला कुणी शिकवलं नाही. बोटं लहान असतानाच ते शिकवावं लागतं म्हणतात.

पण पहिलं पत्र कसं सुरू झालं ते सांगतो. मी टाक बुडवला आणि पोस्टात शिकलेल्या सवयीने विचारलं, "मायना काय घालू? तुमच्याबद्दल ऐकून, का असं काहीतरी..."

"ते नको," थर्झा म्हणाली. ती उभीच होती, हात पाठीमागे. वयाची बेचाळीस वर्षं तिने कुणापुढे जे केलं नव्हतं ते ती माझ्यापुढे, ज्याने तिला फसवलं त्या माणसापुढे, करत होती. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

"मग काय लिहू?"

"लिही," ती म्हणाली, "की मी मागते आहे."

मी तसंच लिहिलं.